मातापित्यांचे आजारपण आणि वाणीचे तप

भगवद्गीता कोणाला सांगितली गेली, असे विचारले असता ‘अर्जुनाला’ हे उत्तर लहान मूलही देईल. परंतु ज्या मुखाने ती जगापर्यंत आली त्या संजयाने ती धृतराष्ट्राला सांगितली. आणि ती केव्हा सांगितली, याकडे नित्य पाठ करणाऱ्यांचेही लक्ष बहुधा जात नाही. युद्धाच्या पहिल्या सकाळी ती सांगितली गेली नाही. त्यानंतर दहा दिवस लोटले होते, पितामह भीष्म शरशय्येवर पडले होते, आणि संजय रणभूमीवरून त्वरेने धृतराष्ट्राकडे आला होता. धृतराष्ट्राला भीष्म पित्याच्या ठिकाणी. आंधळ्या मुलाला वाढविणारा, राज्याचा भार वाहणारा तोच एक आधार. संजय येतो, आपले नाव सांगतो, वंदन करतो, आणि पितामह पडले ही वार्ता आडपडदा न ठेवता सांगून टाकतो. वृद्ध राजा विलाप करतो, एकामागून एक प्रश्न विचारतो, तेच तेच पुन्हा विचारतो. या शोकानंतरच भीष्मपर्वात गीतेचा आरंभ होतो. तेव्हा वडीलधाऱ्याच्या शय्येची बातमी नुकतीच कानी पडलेल्या माणसासमोर गीता प्रथम उच्चारली गेली, हे ध्यानात ठेवून पुढील विचार करावयाचा आहे.

संजयाने वार्ता सौम्य करून सांगितली नाही. तरीही त्याला कोणी निष्ठुर म्हणत नाही. याचे कारण असे की, घाव घालणारे वाक्य बोलून तो निघून गेला नाही. राजाचे प्रश्न संपेपर्यंत तो बसून राहिला. कोण कोठे उभा होता, कोणी कसे झुंजले, हे सर्व त्याने सांगितले. सत्य कठोर असते म्हणून ते सांगणाराही कठोर ठरतो असे नव्हे. सत्य सांगून पाठ फिरविली की मग ते ऐकणाऱ्याच्या अंगावर दगडासारखे पडते.

छत्तीसगडची राजधानी रायपूर येथे गंभीर आजाराचे रुग्ण दुरून दुरून येतात. तेथील वैद्यकीय महाविद्यालय १९६३ साली सुरू झाले. त्याच्या रुग्णालयाला लोक ‘मेकाहारा’ म्हणतात. टाटीबंध येथे २०१२ पासून अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था, म्हणजे एम्स, आहे. बस्तर, कांकेर, धमतरी, महासमुंद, ओडिशाचा पश्चिम भाग, इकडे गोंदियापर्यंतची कुटुंबे आगगाडीने नाही तर बसने या शहराची वाट धरतात. भोसल्यांच्या अमलापासून येथे मराठी घरेही पुष्कळ आहेत. टिळकांचे गीतारहस्य हिंदीत आणणारे माधवराव सप्रे याच गावचे रहिवासी होते आणि १९२६ साली येथेच वारले. अशा एखाद्या घरातील वृद्ध आई घरी मराठी बोलते, शेजारणीशी छत्तीसगढी, आणि डॉक्टर बोलतात ते इंग्रजी शब्दांनी भरलेले हिंदी. तपासणीचा कागद हाती येतो. डॉक्टर चालता चालता, बोळात, चार परक्या माणसांच्या देखत म्हणतात, “अब कुछ नहीं हो सकता, घर ले जाइए.” मुलगा काही विचारू पाहतो तोवर ते पुढच्या खाटेपाशी गेलेले असतात. हे वाक्य रायपूरचेच नव्हे. पुणे, नागपूर, मुंबई, कोठेही आणि कोणत्याही रुग्णालयात ते ऐकू येते. पण ज्याच्या कानी ते पडले, त्याला ते आयुष्यभर पुरते.

अशा क्षणी त्या मुलाचे काय होते, ते गीतेच्या पहिल्या अध्यायात लिहिलेले आहे. अवयव गळतात, तोंड कोरडे पडते, अंगाला कंप सुटतो, हातातील धनुष्य निसटते, मन भ्रमिष्टासारखे होते. अर्जुन हा काही भित्रा पुरुष नव्हता. समोर आपलीच माणसे मरणाच्या दारात उभी दिसली तेव्हा त्याच्यासारख्याचीही ही अवस्था झाली. म्हणून रुग्णालयाच्या पायरीवर बसून रडणाऱ्या मुलाने स्वतःला दुर्बळ मानू नये. शोक होणे हे देहाचे स्वाभाविक वर्तन आहे.

आता भगवंतांनी त्या शोकाकुल मनुष्याशी कसे वर्तन केले ते पाहावे. पहिली दोन वाक्ये त्यांची कठोरच आहेत. परंतु ते रथावरून उतरले नाहीत. दोन्ही सैन्यांच्या मधोमध, शंख वाजून गेल्यावर, जेव्हा खरोखर क्षणाचीही सवड नव्हती, तेव्हा त्यांनी सवड केली. किंचित हसल्यासारख्या मुद्रेने बोलण्यास आरंभ केला. अर्जुनाने मध्येच शंका काढल्या, ‘तुमचे बोलणे घोटाळ्यात टाकणारे आहे’ अशी तक्रारही केली; त्या प्रत्येकीला उत्तर मिळाले. अखेरीस सर्व सांगून झाल्यावर, याचा पूर्ण विचार कर आणि मग तुझ्या इच्छेस येईल तसे कर, असे म्हणून निर्णय त्याच्यावर सोपविला. आणि त्यानंतर आणखी एक प्रश्न विचारला, ज्याकडे फार थोड्यांचे लक्ष जाते: तू हे एकाग्र चित्ताने ऐकलेस ना? तुझा मोह गेला ना? आजकालच्या वैद्यकीय शिक्षणात वाईट वार्ता कशी सांगावी याचे नियम शिकवितात. रुग्णाला बसवून घ्यावे, त्याला किती ठाऊक आहे ते आधी विचारावे, आणि शेवटी त्याला काय समजले ते त्याच्याच तोंडून ऐकावे, असे त्यांत असते. भारतातही २०१९ पासून एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात संभाषणाचा हा विषय आला आहे. अठराव्या अध्यायातील तो एक प्रश्न यातील शेवटच्या नियमाचे काम करतो.

आपल्या जुन्या वैद्यांनाही हे ठाऊक होते. चरकसंहितेत वैद्याच्या चार वृत्ती सांगितल्या आहेत, त्यांत सर्वांविषयी मैत्री आणि पीडितांविषयी करुणा या प्रथम येतात. शिष्याला दीक्षा देताना जो उपदेश केला आहे, त्यात असे सांगितले आहे की, रुग्णाचे आयुष्य सरत आले आहे हे कळले तरी, जेथे ते बोलल्याने रुग्णाला किंवा दुसऱ्या कोणाला आघात होईल तेथे बोलू नये. याचा अर्थ खोटे बोलावे असा नव्हे. ‘जेथे आघात होईल तेथे’ ही मर्यादा आहे. आजचे नियमही निराळे सांगत नाहीत. डॉक्टरांसाठी २००२ साली केलेल्या आचारनियमांत रोगाचे गांभीर्य वाढवूनही सांगू नये आणि कमी करूनही सांगू नये, असे आहे. तसेच रुग्णाने किंवा त्याच्या अधिकृत माणसाने मागितल्यास उपचारांची कागदपत्रे ७२ तासांच्या आत द्यावीत, असेही आहे. हे गृहस्थाश्रमी माणसाने जाणून असावे. दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्यावयाचे तर कागद हाती लागतात, आणि ते मागण्यात कोणाचा अपमान नाही.

सतराव्या अध्यायात भगवंतांनी वाणीचे तप सांगितले आहे. ज्या बोलण्याने दुसऱ्याच्या चित्ताला उद्वेग होत नाही, जे खरे आहे, गोड आहे आणि हिताचे आहे, ते बोलणे म्हणजे तप. या चारही अटी एकदम पाळणे किती कठीण आहे, हे ज्याला कर्करोगाची वार्ता आईला सांगावयाची आहे त्याला विचारावे. तप हा शब्द उगाच योजलेला नाही.

परंतु हा श्लोक केवळ डॉक्टरांच्या तोंडावर फेकण्यासाठी नाही. बाह्यरुग्ण विभागात सकाळपासून रांगा लागलेल्या असतात, आणि त्या टेबलामागे बसलेला तरुण डॉक्टर रात्रपाळी करून आलेला असू शकतो. त्याची चूक ती चूकच. पण क्रोधापासून मोह होतो आणि मोहापासून स्मृतीचा भ्रंश, हा जो क्रम दुसऱ्या अध्यायात सांगितला आहे, तो रुग्णालयात डोळ्यांनी पाहावयास मिळतो. संतापलेला मुलगा भांडतो, आवाज चढवितो, आणि घरी आल्यावर त्याच्या ध्यानात येते की औषध जेवणाआधी द्यावयाचे की नंतर, हे विचारावयाचेच राहिले. अपमानाची आठवण पक्की राहते. आईच्या कामाची गोष्ट मात्र निसटते. भक्ताचे लक्षण सांगताना भगवंत म्हणतात की, त्याच्यापासून लोकांना उद्वेग होत नाही आणि लोकांपासून त्यालाही होत नाही. पहिला अर्धा भाग डॉक्टरांनी घ्यावा, दुसरा रुग्णाच्या मुलाने. दोघांनी आपापला घेतला तरी पुष्कळ झाले.

व्यवहारात याचा उपाय साधा आहे. घरातील एकाच शांत माणसाने डॉक्टरांशी बोलावे. प्रश्न आदल्या रात्री वहीत लिहून न्यावेत. “डॉक्टरसाहेब, पाच मिनिटे बसून समजावून सांगाल का? कधी येऊ?” असे नम्रपणे पण निश्चयाने विचारावे. रोग कोणता, उपचाराने काय मिळेल आणि त्यापायी किती त्रास सोसावा लागेल, आणि उपचार न केल्यास वेदना कमी करण्यासाठी काय करता येईल, एवढे तरी समजून घेतल्याशिवाय उठू नये. शेवटचा प्रश्न लोक विचारीत नाहीत. ‘काही होऊ शकत नाही’ हे वाक्य कधीच पूर्ण खरे नसते; रोग बरा होणार नसला तरी दुखणे शमविता येते, झोप देता येते, श्वास सुखाचा करता येतो, आणि ते करणारे शास्त्र आज वेगळे विकसित झाले आहे.

याहून खोल एक जखम असते, ती कोणी बोलून दाखवीत नाही. आपण आधी आणले असते तर? दुसऱ्या डॉक्टरांकडे नेले असते तर? त्या रात्री आपण जवळ असतो तर? गांधीजींनी आपल्या आत्मकथेत हे दुःख उघड केले आहे. राजकोटास वडील भगंदराने आजारी होते. सोळा वर्षांचा मुलगा जखम धुई, औषध देई, रोज रात्री पाय चेपी. वैद्यांचे लेप झाले, हकिमांच्या पट्ट्या झाल्या; इंग्रज सर्जनने शस्त्रक्रिया सुचविली, तर घरच्या डॉक्टरांनी वय पाहून ती नाकारली. आणि १८८५ च्या त्या रात्री मुलगा वडिलांपाशी नव्हता. काकांनी त्याला विश्रांतीस पाठविले होते. तो सल त्यांच्या मनातून जन्मभर गेला नाही. रायपूरशी संबंध असलेले दुसरेही उदाहरण आहे. विवेकानंद, त्या वेळचे नरेंद्र, १८७७ साली वडिलांकडे या गावी आले आणि सुमारे दोन वर्षे येथे राहिले. शाळेऐवजी पित्याच्या सहवासातच त्यांचे शिक्षण झाले. फेब्रुवारी १८८४ मध्ये तो पिता कलकत्त्यास गेला तेव्हा नरेंद्र मित्राच्या घरी होते. मध्यरात्री निरोप आला. आज रायपूरच्या कितीतरी घरांतील मुले बंगळूरला, पुण्याला, अमेरिकेत असतात, आणि निरोप मोबाइलवर येतो.

या मुलांसाठी अठराव्या अध्यायातील पाच कारणांचा विचार आहे. कोणतेही कर्म सिद्धीस जाते ते पाच कारणांनी: अधिष्ठान म्हणजे देह, कर्ता, निरनिराळी साधने, अनेक प्रकारच्या चेष्टा, आणि पाचवे दैव. असे असता जो केवळ आपल्यालाच कर्ता समजतो तो नीट पाहत नाही, असे भगवंत स्पष्ट म्हणतात. हे वचन अहंकारी माणसाला उद्देशून आहे असे आपण समजतो. पण ‘माझ्यामुळेच आई गेली’ असे म्हणणाराही स्वतःलाच एकटा कर्ता मानीत असतो. ऐंशी वर्षांचा देह, रोगाची जात, डॉक्टरांची बुद्धी, मिळालेली औषधे, हे सर्व गाळून सगळा भार आपल्या शिरी घेणे ही नम्रता वाटते. परंतु ती दृष्टी चुकलेली आहे. आणि ‘त्या डॉक्टरमुळेच गेली’ असे म्हणणाऱ्यालाही हाच हिशेब लागू आहे.

मग आईने विचारले, “काय रे, डॉक्टर काय म्हणाले?” तर काय सांगावे? बहुतेक घरांत “काही नाही आई, अशक्तपणा आहे,” असे सांगून वेळ मारून नेतात. यात प्रेम असते हे खरे. पण परीक्षित राजाची कथा आठवावी. सात दिवसांनी मृत्यू आहे हे शमीक ऋषींनी त्याला शिष्यामार्फत मुद्दाम कळविले. शाप त्यांच्याच पुत्राने दिला होता, तरी त्यांनी ते लपविले नाही. कळले म्हणूनच राजा गंगातीरी बसला आणि त्या सात दिवसांत भागवत ऐकले. न कळते तर ते दिवसही शिकारीत गेले असते. तेव्हा चरकाचे वचन आणि परीक्षिताची कथा दोन्ही समोर ठेवावीत, आणि आईला किती ऐकावयाचे आहे हे आईलाच विचारावे. “आई, तुला सगळे सांगू का?” एवढ्या प्रश्नाने पुष्कळदा उत्तर मिळते. कोणी म्हणेल, सांग. कोणी म्हणेल, मला नको, तुमचे तुम्ही पाहा. दोन्ही उत्तरे मानावीत. पुष्कळ वेळा तिला आधीच ठाऊक असते, आणि मुलांना त्रास नको म्हणून तीच गप्प असते.

शरशय्येवरील भीष्मांकडेही बाण काढण्यात निष्णात वैद्य आपली साधने घेऊन आले होते. दुर्योधनाने त्यांना आणले होते. पितामहांनी त्यांना रागाने घालविले नाही. यांचा सत्कार करा, द्रव्य द्या आणि परत पाठवा, असे ते म्हणाले. आता चिकित्सा नको हा निर्णय त्यांचा स्वतःचा होता, आणि तो त्यांनी वैद्यांचा मान राखून घेतला. मस्तक खाली लोंबत होते म्हणून त्यांनी उशी मागितली. राजांनी मऊ, मौल्यवान उशा आणल्या; त्यांनी नाकारल्या. अर्जुनाला जवळ बोलाविले. त्याने डोळे पुसले, काय हवे ते विचारले, आणि तीन बाणांनी मस्तकाला आधार दिला. वीराच्या शय्येला शोभेल अशी ती उशी होती. नंतर तहान लागली. लोकांनी पक्वान्ने आणि थंड पाण्याचे घडे आणले. पुन्हा त्यांनी अर्जुनाकडेच पाहिले, आणि त्याने भूमीतून शीतल जलाची धार काढून दिली.

आणणारे सगळेच प्रेमाने आणीत होते. पण रुग्णाला काय हवे आहे हे विचारून, त्याच्या तोंडाकडे पाहून समजून घेतले ते एकट्याने. चरकाने परिचारकाचे गुण सांगताना शुश्रूषेचे ज्ञान, दक्षता आणि शुचिता यांच्याबरोबर अनुराग सांगितला आहे. रायपुरात मे महिन्याच्या दुपारी खिडकीला ओला पडदा लावून, आईच्या सुकलेल्या ओठांवर चमच्याने पाणी सोडणाऱ्या सुनेने हे श्लोक कदाचित वाचलेले नसतील. ती विचारते, “आई, उशी थोडी उंच करू का?” आणि आईने मान हलविली की ती उशीखाली घडी केलेली चादर सरकविते.