व्याख्यान संपल्यावर

सिंदेवाहीत इतिहासावर व्याख्यान ठेवायचं म्हटलं की आधी वेळ शोधावी लागते, वक्ता नंतर. संध्याकाळी ठेवलं तर खेड्यांतून येणाऱ्याला परत जंगलाच्या रस्त्याने जावं लागतं, आणि वाघाच्या या मुलखात दिवस मावळल्यावर दुचाकी काढायला घरचे सोडत नाहीत. रोवणीच्या दिवसांत तर बोलायलाच नको. पुढे धान कापायचं, पुंजणं रचायचं, चुरायचं. दिवाळीनंतर मंडई आणि नाटकं. या सगळ्यातून उरते ती पौष-माघातली एखादी रविवारची सकाळ. ती सकाळ धरून ठेवावी असं मला फार मनापासून वाटतं.

कारण आपल्याकडचे लोक ऐकत नाहीत, ही तक्रार मला मान्य नाही. आपल्या या झाडीपट्टीचा प्रेक्षक थंडीत घोंगडी पांघरून रात्रभर नाटक बघतो, तिकीट काढून बघतो. आपल्याच तालुक्यातल्या नवरगावने ही परंपरा किती जिव्हाळ्याने जपली आहे. तुकडोजी महाराजांच्या सामुदायिक प्रार्थनेला गावोगाव माणसं अजूनही शिस्तीने बसतात. म्हणजे बसायची आणि ऐकायची सवय आहे. ऐकवायला आपण काय नेतो, एवढाच प्रश्न आहे.

असं ऐकवण्याचा एक जुना नमुना पुण्याचा आहे. तिथे ७ जुलै १९१० रोजी विश्वनाथ काशिनाथ राजवाडे आणि खंडेराव मेहेंदळे यांनी भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन केलं. मंडळाच्या पाक्षिक सभांत कोणी नवं सापडलेलं पत्र वाची, कोणी ताम्रपटाचं वाचन मांडी, आणि मग ऐकणारे त्यावर बोलत. वाचलेले निबंध पुढे मंडळाच्या इतिवृत्तांत आणि त्रैमासिकात छापले जात. मला त्यांची ही छापायची शिस्त सर्वांत मोलाची वाटते. नागपूरच्या विदर्भ संशोधन मंडळाने, वा. वि. मिराशींसारख्या पंडितांच्या हातून, हेच काम आपल्या बाजूला केलं. पण नागपूरच्या सभागृहापर्यंत सिंदेवाहीचा शेतकरी पोचत नाही, तेव्हा सभागृहानेच इकडे यायला हवं.

विषय कुठून काढायचा? माझ्या मनात पहिला विषय आहे तळ्याचा. गोंड राजांच्या काळात जो तळं बांधील त्याला जमीन मिळे, आणि त्या उत्तेजनावर कोहळी समाजाने या मुलखात तळ्यांची रांगच उभी केली. पुढे ती मालगुजारांकडे गेली, १९५१ मध्ये मालगुजारी संपली आणि ती सरकारची झाली. कागदोपत्री ती आज माजी मालगुजारी तलाव आहेत, बोलण्यात नुसते मामा तलाव. इंग्रजी अमदानीत जमाबंदी झाली तेव्हा गावोगावचे रिवाज लिहून घेतले गेले. त्या दप्तराचं नाव वाजिब-उल-अर्ज. तळ्याचं पाणी कोणी कसं घ्यायचं, गुरं कुठे चरायची, सरपण कुठून आणायचं, असे गावाचे हक्क आणि वहिवाट त्यात सापडते. महसुलाच्या जुन्या कागदांत ते अजून शोधता येतं.

आता कल्पना करा, वक्ता असा एक कागद घेऊन आला आहे आणि त्याच गावच्या शाळेच्या ओट्यावर तो वाचून दाखवतो आहे. अमुक बांध्यांना पाणी आधी, अमुकांना नंतर. वाचन संपतं. मागे बसलेला कोणी म्हातारा उठतो आणि सांगतो की हे असंच होतं, पण दुष्काळाच्या साली गावाने बसून क्रम बदलला होता. तळ्याच्या बांधाला, म्हणजे पाळीला, भेग पडली तेव्हा रात्री कोण धावलं, तुडूम, म्हणजे पाणी सोडायची मोरी, उघडायचा मान कोणाच्या घरी होता, हेही तो सांगेल. एखादी बाई त्याला अडवेल, कारण तिच्या सासूने वेगळं सांगितलेलं असतं. मी त्या व्याख्यानाला जाईन ते या शेवटच्या अर्ध्या तासासाठी. वक्त्याच्या कागदात जे नाही ते तिथे बाहेर येतं, आणि बहुतेक ठिकाणी नेमकं तेच कोणी लिहून घेत नाही. आभार, चहा, आणि माणसं पांगतात.

आठवण चुकते, हेही मला ठाऊक आहे. आपल्याकडे जुनी पाळ दिसली की ती गोंड राजाची, असं सर्रास सांगितलं जातं, आणि घोडाझरीसारखं इंग्रजी अमदानीतलं तळंही त्यात ओढलं जातं. म्हणून आठवण कागदाशेजारी ठेवावी. पण चुकते म्हणून ती ऐकूच नये, हे मला पटत नाही. शेजारच्या चिमूरचंच बघा. १६ ऑगस्ट १९४२ ला तिथे उठाव झाला आणि मग सैन्य-पोलिसांनी गावावर जे अत्याचार केले, ते सरकार कबूल करायला तयार नव्हतं. बायकांनी जे सोसलं ते सांगितलं, म्हणून ते बाहेर कळलं. प्रा. भन्साळींनी चौकशीसाठी ६३ दिवस उपोषण केलं त्यामागे याच साक्षी होत्या. तेव्हा कोणी बसून ऐकलं नसतं, तर आज त्या दिवसांबद्दल आपल्या हाती फक्त सरकारी खुलासे असते.

चंद्रपूरला २०१७ पासून इको-प्रो संस्थेच्या तरुणांनी किल्ल्याचा परकोट झाडाझुडपांतून मोकळा केला. मग त्याच परकोटावरून लोक फिरू लागले, इतिहास ऐकू लागले. आधी हात लावला, मग ऐकलं, हा क्रम मला आवडतो. तळ्याचं व्याख्यानही पाळीवरच का होऊ नये? तुडूम समोर असेल, तर प्रश्न आपोआप सुचतात.

यासाठी मोठी संस्था लागत नाही. वक्ता, कागद, सावली आणि लिहून घेणारी दोन मुलं लागतात. मुलं अकरावी-बारावीची असावीत, गावचीच असावीत. एकाने वक्त्याचं लिहावं, दुसऱ्याने फक्त नंतर बोलणाऱ्यांचं, आणि सांगणाऱ्याला ते तिथेच वाचून दाखवून त्याची संमती घ्यावी. त्याची एक प्रत ग्रामपंचायतीत, एक शाळेत, आणि एक नागपूरला विदर्भ संशोधन मंडळाकडे टपालाने.