गुरुबंधूकडून जुनी गाडी घेताना

॥ श्री सद्गुरू माउली प्रसन्न ॥

 

या वेळच्या चिंतनाला एका ताईंचा प्रश्न घेतला आहे. नाव-गाव देत नाही. त्यांचा मुलगा भाजीच्या धंद्यात आहे. आजवर भाड्याच्या गाडीतून बेळगावहून चोर्ला घाटाने गोव्याला माल न्यायचा. आता स्वतःचा जुना पिकअप घ्यायचं ठरलंय. पैसे कमी पडतात म्हणून ताई पाटल्या गहाण ठेवणार आहेत. गाडी विकणारे आपल्याच परिवारातले. ताई विचारतात, "महाराजांच्या घरचं माणूस, त्यांच्याशी घासाघीस कशी करायची? सांगतील ते देऊन मोकळं व्हावं का?"

नाही ताई, भाव जरूर करा.

तुकोबाराय वाण्याचा धंदा करायचे, घरात सावकारीही होती. लोकांकडून येणं असलेल्या कर्जाचे कागद त्यांनी इंद्रायणीत बुडवले ही कथा आपण कीर्तनात कितीदा ऐकतो. पण त्यातला एक भाग घाईत राहून जातो. बुडवण्याआधी त्यांनी कागदांचे दोन वाटे केले. अर्धे धाकट्या भावाला, कान्होबाला दिले आणि फक्त स्वतःच्या वाट्याचे पाण्यात सोडले. भावाच्या संसारावर त्यांनी आपलं वैराग्य लादलं नाही. आता बघा, पाटल्या ताईंच्या आहेत खऱ्या, पण त्या सोडवायच्या कोणी? मुलगा-सून घाटात रात्री जागून सोडवणार. म्हणजे ताईंनी "जाऊ दे, आपलेच आहेत" म्हणून जे पन्नास हजार जास्त द्यायचे, ते सुनेच्या वाट्यातले. तिला विचारलंय का कुणी? (व्यवहाराच्या बैठकीत आम्हा बायकांना चहापुरतं बोलावतात, आणि हप्ता चुकला की डबे मात्र आम्हीच उघडून बघतो.)

मग भाव कशावर करायचा? गाडीवर. गाडी थंड असताना चालू करायला सांगा. आधीच गरम करून ठेवली असेल तर का, ते विचारा. निळसर धूर येत असेल तर इंजिन ऑइल खातंय. घाटात माल ओढलेल्या गाडीचा क्लच आणि ब्रेक आधी बघा. गोव्याच्या किनाऱ्याकडे फार उभी राहिलेली असेल तर खाऱ्या हवेने चासी खालून गंजते, वरून रंग नवा दिसतो. हौद्याखाली वाकून वेल्डिंगचे सांधे आहेत का पाहा. टायर एकाच बाजूने झिजलेत का पाहा. किलोमीटरच्या आकड्यावर मी तरी विश्वास ठेवणार नाही. आणि मेस्त्री आपला न्या, विकणाऱ्याचा नको.

मग वहीत मांडा. समजा ते साडेचार लाख म्हणतात. टायर २८ हजार, क्लच १२, संपलेला विमा आणि फिटनेस मिळून २०. झाले ६० हजार. हे वजा करून ३ लाख ९० हजार होतात. पण त्यांनी गेल्याच महिन्यात नवी बॅटरी घातली असेल, तर त्याचे पाच हजार त्यांच्या बाजूला धरा. इथेच बहुतेकांची वही एका बाजूची होते. दोष मोठ्याने वाचायचे आणि गुण दिसले की गप्प बसायचं, याला भाव करणं म्हणत नाहीत.

आता अवघड भाग. ताईंच्या पत्रात पुढे एक ओळ आहे. विकणाऱ्यांच्या घरी आजारपण आहे, पैसे लगेच हवेत. आणि एका जाणत्या माणसाने ताईंच्या मुलाला सल्ला दिलाय, "दहा दिवस थांब. आपोआप खाली येतील."

येतीलही. दवाखान्याचं बिल समोर असलं की माणूस साडेतीनलासुद्धा हो म्हणेल. पण त्या दहा दिवसांत गाडीचं काय बिघडलं? टायर तेच, क्लच तोच. ३ लाख ९५ हजारांची गाडी साडेतीनला आली, तर मधले ४५ हजार कशाचे? त्या घरातल्या आजारपणाचे. गाडीतल्या दोषाचे पैसे कापा, माणसाच्या अडचणीचे कापू नका. ते पैसे घरात आणून त्याच गाडीला हार घालायचा आणि पुढे महाराजांचा फोटो लावायचा, हे माझ्या मनाला पटत नाही.

विकणाऱ्यांनाही तेवढंच लागू आहे. गाडी एकदा घाटात कलंडली होती हे कुणी विचारलं नाही तरी सांगायचं. इसार घेतल्यावर तिसऱ्याने पाच हजार जास्त देऊ केले म्हणून फिरायचं नाही.

आणि गुरुबंधू आहेत म्हणून कागद नंतर बघू, असं दोघांनीही करू नये. जोवर आरसीवर नाव बदलत नाही, तोवर अपघाताच्या भरपाईची जबाबदारी कागदावरच्या मालकाचीच, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली स्पष्ट केलेलं आहे. म्हणजे ताईंच्या मुलाने नाव लावायला आळस केला, तर बोजा आजारपणात गाडी विकलेल्या त्या माणसाच्या डोक्यावर राहतो. तेव्हा २९ आणि ३० नंबरचे फॉर्म त्याच दिवशी भरा. बँकेचं कर्ज असेल तर बँकेचा दाखला आणि ३५ नंबरचा फॉर्म घ्या. इंजिन आणि चासी नंबर आरसीशी ताडून बघा, जुने चलन थकलेत का बघा. विमाही आपल्या नावावर करून घ्या. आपल्या सीमाभागात आणखी एक भानगड असते. एकाच गल्लीत केए २२ आणि एमएच ०९ शेजारी उभ्या असतात आणि आपल्याला त्यात परकं काही वाटत नाही. पण कोल्हापूरची गाडी बेळगावात नावावर करायची तर तिथल्या आरटीओची एनओसी लागते, २८ नंबरचा फॉर्म लागतो आणि कर्नाटकाचा टॅक्स वेगळा भरावा लागतो. तो खर्चही भाव ठरवतानाच वहीत लिहा. नंतर आठवला तर उगाच मनं दुखावतात.

ताई, बैठकीला सुनेला घेऊन जा. वही तिच्या हातात द्या.

नामस्मरण गुरुवारी नेहमीच्या वेळी आहे. कुणाला हे फॉर्म भरताना अडत असेल तर आरतीनंतर थांबा, आपल्यातले दोघे-तिघे जाणकार बसतात. येताना आरसीची झेरॉक्स आणा, मूळ प्रत नको.

आपली गुरुभगिनी
जय गुरुदेव