रंगाचा अर्थ कोण ठरवतो?

मराठीत ‘रंग’ हा शब्द फार दूरवर पोहोचतो. फुलाला रंग असतो, मैफलीला रंग चढतो, भक्त नामात रंगून जातो आणि एखादा माणूस आपले खरे रंग दाखवतो. ‘राग’ हा संगीतातील शब्दही ‘रंज्’, म्हणजे रंगणे, या धातूपासून आला आहे. सौंदर्य, आनंद, भक्ती आणि ढोंग या साऱ्यांना एकच शब्द पुरतो, तेव्हा प्रश्न पडतो: रंगाचा अर्थ वस्तूतच असतो, की आपण तो तिच्यावर चढवतो?

प्रथम निसर्गाला विचारू. मोराच्या पिसात निळे रंगद्रव्य मुळीच नसते. तेथे असते ते मेलॅनिन नावाचे काळपट तपकिरी द्रव्य. त्याच्या अतिसूक्ष्म कांड्या ठरावीक अंतरावर रचलेल्या असतात. त्यांवरून परतणाऱ्या प्रकाशलहरींपैकी काही परस्परांना बळ देतात, काही विरून जातात, आणि आपल्याला निळाई दिसते. ही रचना चिरडली की निळाईही जाते. प्रकाशाचे किरण स्वतः रंगीत नसतात, रंगाची जाणीव जागवण्याची शक्ती मात्र त्यांच्यात असते, असे न्यूटनने १७०४ साली प्रसिद्ध झालेल्या ‘ऑप्टिक्स’ या ग्रंथात नमूद केले होते. रंग हा प्रकाश, वस्तू आणि पाहणारा डोळा यांच्या भेटीतून जन्मतो.

नादाचेही तसेच आहे. एकच षड्ज बासरीतून, सारंगीतून आणि मानवी कंठातून उमटला तर तिन्ही वेळा निराळा भासतो. मूळ स्वरासोबत उमटणाऱ्या उपस्वरांच्या कमीअधिक बळामुळे हा भेद होतो, हे हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने १८६३ सालच्या आपल्या ग्रंथात विशद केले. जर्मन भाषेत या गुणाला ‘नादाचा रंग’ अशा अर्थाचाच शब्द आहे. तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखाली सुताचा बारीकसा दोरा नेमक्या जागी सरकवला, की हेच उपस्वर जागे होतात आणि तार बोलू लागते.

येथवर रंग हे केवळ दर्शन आहे, श्रवण आहे. अर्थ पुढे येतो, आणि तो माणसे देतात. भारतात अनेक घरांत पांढरे वस्त्र शोकाचे मानले गेले. उपासनेत तोच पांढरा रंग पुनरुत्थानाच्या आनंदाचा आहे. जांभळा पश्चात्तापाचा, तांबडा पवित्र आत्म्याचा व हुतात्म्यांच्या रक्ताचा, हे संकेत मंडळीने पिढ्यान्‌पिढ्या जपले आहेत. माणसांनी दिले म्हणून हे अर्थ खोटे ठरत नाहीत. शब्दांचे अर्थही आपणच ठरवतो, आणि तरीही शब्दाने सत्य बोलता येते. मात्र जो अर्थ देतो, तो त्या अर्थाचा जबाबदारही असतो.

ही जबाबदारी माणसाच्या वर्णापाशी येऊन कसोटीला लागते. मोराच्या पिसात जे मेलॅनिन आहे, त्याच जातीचे द्रव्य आपल्या त्वचेत आहे. प्रखर उन्हातील अतिनील किरणांपासून ते शरीराचे रक्षण करते. मोराच्या अंगी ज्याचे आपण कौतुक करतो, तेच मुलीच्या अंगी आले की विवाहाच्या बाजारात उणे ठरते! ‘गोरी वधू पाहिजे’ ही अट ख्रिस्ती कुटुंबांनाही अनोळखी नाही. येथे रंगावर जो अर्थ लादला जातो, तो कोणाला काही सांगत नाही. तो एका जिवाची किंमत कमी करतो.

गोव्यात १९०२ साली जन्मलेले चित्रकार आंजेलो द फोन्सेका यांनी शांतिनिकेतनात शिक्षण घेतल्यावर मरियेला साडी नेसलेली भारतीय माता म्हणून रंगवले. गोव्यात त्यांना विरोध सोसावा लागला. पुढे पुण्याच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात त्यांच्या कलेला आसरा मिळाला. १९६७ साली ते निवर्तले. लोकांच्या सवयीची गौरवर्णी मरिया, तीही युरोपच्या चित्रकारांनी आपल्या घरच्या रंगात पाहिलेली मरियाच होती. नाझरेथच्या त्या यहुदी कन्येचा खरा वर्ण कोणत्याच चित्राने जपलेला नाही.

मग रंगाकडे पाहूच नये काय? शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकातील सोळावा अध्याय याचे मार्मिक उत्तर देतो. बाह्य रूप पाहू नकोस, असे देव संदेष्ट्याला बजावतो. आणि थोड्याच ओळींनंतर दावीद तांबूस वर्णाचा व देखणा होता, हे लेखक आवर्जून सांगतो. वर्ण दिसला, नोंदला गेला, आवडलाही. निवड मात्र त्यावरून झाली नाही.

दिसणे डोळ्यांचे काम आहे. मोल ठरवणे अंतःकरणाचे. पहिल्याने दुसऱ्याचे काम आपल्याकडे घेतले, की अन्याय सुरू होतो. मोराची निळाई पाहून हरखणाऱ्या आपल्या नजरेने शेजाऱ्याच्या सावळ्या चेहऱ्याकडेही त्याच आनंदाने पाहावे, एवढे तरी आपल्या हाती निश्चित आहे.