'क्रांति' या शब्दाची किंमत

'क्रांति' हा शब्द आज आपल्या तोंडीं इतका बसला आहे कीं, त्याचा अर्थ विचारणाराच वेडा ठरावा. पिकांत क्रांति, दुधांत क्रांति, यंत्रांत क्रांति. बियाण्याच्या जाहिरातीपासून निवडणुकीच्या सभेपर्यंत या शब्दाचा संचार आहे. अशा शब्दाविषयीं दोन प्रश्न विचारावयास हवेत. तो आला कोठून, हा एक. आणि तो वापरण्याचा अधिकार केव्हां येतो, हा दुसरा. पहिला प्रश्न कोशाचा आहे, दुसरा नीतीचा. आणि दुसऱ्याचें उत्तर देणें आपण फार दिवस टाळीत आलों आहों, असें आम्हांस वाटतें.

संस्कृतांत 'क्रम्' धातूचा अर्थ पाऊल टाकणें. ज्योतिषांत क्रांति म्हणजे आकाशांतील विषुववृत्तापासून सूर्याचें उत्तरेस किंवा दक्षिणेस असलेलें अंतर. सूर्यसिद्धान्तांत परमक्रांति २४ अंश धरली आहे. आजच्या मापानें ती सुमारें साडेतेवीस अंश भरते. म्हणजे जुनी क्रांति परतीची होती. सूर्य कितीही दूर गेला तरी ठरल्या दिवशीं तो वळणारच! यूरोपांतही तसेंच घडलें. कोपर्निकसनें १५४३ मध्यें ज्या ग्रंथांत पृथ्वीला सूर्याभोंवतीं फिरविलें, त्याच्या नांवांतला 'रेव्होल्यूशन' शब्द प्रदक्षिणेचाच वाचक होता. इंग्लंडांत १६८८ च्या सत्तांतरास तोच शब्द लागला, तेव्हांही पुष्कळांच्या मनांत गेलेले हक्क परत मिळविल्याचीच भावना होती. १७८९ नंतर मात्र मागें न वळणारें पाऊल, असा त्याचा अर्थ झाला. आपले पूर्वीचे लेखक 'फ्रान्सची राज्यक्रांति' असें लिहीत. त्यांत क्रांति कशाची हें निदान सांगितलेलें असे. पुढें 'राज्य' गळालें, आणि तें सांगण्याची जबाबदारीही गळाली.

पाऊल परतीचें कीं पुढचें, हें ओळखावयाचें कसें? यासाठीं पॅरिसला जाण्याचें कारण नाहीं. पुणें जिल्ह्यांतील शिरूर आणि दौंड या बाजूचा मुलूख पुरेसा आहे.

शिरूर तालुक्यांतील करडे गांवीं डिसेंबर १८७४ मध्यें काळूराम नांवाच्या सावकारानें बाबासाहेब देशमुख यांच्यावर हुकूमनामा मिळवून त्यांचें घर लिलावांत घेतलें आणि तें पाडावयास काढलें. गांवानें हातांत काठी घेतली नाहीं. त्यानें सावकाराच्या शेतांत राबणें आणि त्याच्या घरची चाकरी करणें बंद केलें. अखेर काळूराम बिऱ्हाड हलवून शिरूरला गेला. पांच महिन्यांनीं, १२ मे १८७५ रोजीं, सुप्याच्या बाजारांत लोक सावकारांच्या दुकानांवर चालून गेले. सुपें आज बारामती तालुक्यांत आहे. तेव्हां तें भीमथडी तालुक्यांत होतें, आणि आजच्या दौंडचा प्रदेशही त्यांतच मोडे. तेथून ही आग पुणें व नगर या जिल्ह्यांतील गांवोगांव पसरली. लोक मागत ते कागद: खतें, रोखे, हुकूमनामे. कागद हातीं येऊन जळले म्हणजे बहुधा सावकाराच्या अंगास हात लागत नसे.

सरकारनें याला 'दंगा' म्हटलें. १८७९ च्या जानेवारींत नव्हे, फेब्रुवारींत, याच शिरूर तालुक्यांतील धामारी गांवावर वासुदेव बळवंत फडके यांनीं धाड घातली. सरकारदरबारीं तो दरोडा ठरला. आज आपण त्यांना आद्य क्रांतिकारक म्हणतों, आणि योग्यच म्हणतों. पण मग सुप्याचे कुणबी कोण? फडक्यांजवळ स्वराज्याची कल्पना होती, ती कुणब्यांजवळ नव्हती, असें उत्तर येईल. तें खरें आहे. कुणब्यांस इंग्रजी राज्य उलथावयाचें नव्हतें. त्यांच्या मनांत, सावकारानें गांवाची भीड धरावी आणि कोर्टाच्या बळावर जमीन गिळूं नये, अशी जुनी घडीच होती. म्हणजे हेतु पाहिला तर तें परतीचें पाऊल होतें. परंतु फळ पाहिलें तर निराळेंच दिसतें. सरकारला चौकशी नेमावी लागली, आणि १८७९ मध्यें दक्षिणेंतील शेतकऱ्यांच्या कर्जाचा कायदा झाला. पैशाच्या हुकूमनाम्यासाठीं शेतकऱ्यास तुरुंगांत टाकणें त्यानें बंद केलें, आणि खतावरील आंकडा तेवढा न पाहतां देण्याघेण्याचा मागचा इतिहास तपासण्याचें काम न्यायाधीशावर टाकलें. सावकारी त्यानें मेली नाहीं. पण कागद म्हणजे ब्रह्मवाक्य, ही समजूत मोडली.

म्हणून आमचें म्हणणें असें कीं, क्रांतीची खूण हेतूंत नाहीं, गाजावाजांत नाहीं, सिंहासनावर कोण बसला यांतही नाहीं. ती संबंधांत आहे. ज्याला आजवर 'नाहीं' म्हणतां येत नव्हतें, त्याला भीति न बाळगतां 'नाहीं' म्हणतां येऊं लागणें, आणि उद्यां दिवस पालटले तरी तें त्याच्याकडून काढून घेतां न येणें, एवढें झालें तर क्रांति. या मापानें करडे गांवचा बहिष्कार हा सुप्याच्या जाळपोळीहून मोठा ठरतो, असें आम्हांस वाटतें. जाळलेला कागद पुन्हां लिहितां येतो. गांवानें एकदां दिलेला नकार पुसतां येत नाहीं.

आतां हेंच माप आपल्या काळास लावूं. घोड नदीवरील चिंचणीचें धरण आणि खडकवासल्याचे कालवे यांनीं या दुष्काळी मुलुखाचें रूप पालटलें. ज्या मातींत बाजरी धड येत नसे तेथें ऊस उभा आहे. ज्यांच्या पणज्यांनीं खतावर आंगठा उठविला, त्यांच्या घरीं आज सुबत्ता आहे. याला क्रांति म्हणूं नये काय? ज्यानें भूक पाहिली त्याच्यासमोर ही सुबत्ता हलकी लेखण्याचें धाडस आम्ही करणार नाहीं.

पण शिरूराहून न्हावऱ्यावरून चौफुल्याकडे हिवाळ्यांत जावें, तर रस्त्याकडेला ऊसतोड्यांच्या कोप्या दिसतात. बीडकडून आणि मराठवाड्याच्या इतर भागांतून आलेलीं हीं माणसें. हंगामापूर्वीं मुकादमाकडून त्यांनीं उचल घेतलेली असते. नवराबायको मिळून एक 'कोयता' मोजला जातो. उचल फिटली नाहीं तर ती पुढच्या हंगामाच्या मानेवर बसते. दोन्ही गोष्टी एकच आहेत असें आम्ही म्हणत नाहीं. ऊसतोड्यांनीं संप करून दर वाढवून घेतले आहेत, आणि त्यांच्या मतालाही आज किंमत आहे. तरीपण आगाऊ रक्कम अंगावर असलेल्या बाईला तापांत फडावर जाण्यास 'नाहीं' म्हणतां येतें काय? येत नसेल, तर ज्या भूमींत खतें जळलीं त्याच भूमींत खत परत आलें आहे. फक्त तें धरणारा हात बदलला आहे. सूर्य वळला, आणि आपण त्याला पुढें गेला म्हणतों!

संक्रांत आपण १४ जानेवारीच्या सुमारास करतों, आणि त्या दिवशीं उत्तरायण लागलें असें मानतों. वास्तविक सूर्य २१-२२ डिसेंबरलाच उत्तरेकडे वळलेला असतो. शतकांच्या ओघांत नांव एकीकडे राहिलें आणि घटना दुसरीकडे सरकली. आकाशाच्या बाबतींत यानें कोणाचें नुकसान होत नाहीं. तिळगूळ गोडच लागतो. माणसांच्या बाबतींत मात्र होतें. क्रांति होऊन गेली असें एकदां ठरलें कीं, उरलेल्या दुःखाकडे पाहण्याचें कारण संपतें.

तेव्हां हा शब्द टाकून द्यावा असें नाहीं. तो उच्चारण्याचा पहिला मान कोणाचा, एवढें ठरवावें. ज्याचें भलें झालें तो आपल्या सुबत्तेस क्रांति म्हणणारच. पण तो शब्द खरा कीं खोटा, याचा निवाडा फडाच्या कडेला कोपींत बसलेल्या माणसाकडे आहे. त्यानें तो आपण होऊन उच्चारीपर्यंत आपण 'सुधारणा', 'वाढ', 'भरभराट' या साध्या शब्दांवर भागवावें. ते शब्द कांहीं लहान नाहींत.