धरलेली कलमं

कोकणातल्या एका गावात दोन मित्र होते. दोघांनी एकाच म्हाताऱ्या बागायतदाराच्या हाताखाली आंब्याचं कलम बांधायची विद्या घेतली होती.

हापूसची कोय पेरली तर हापूसच येईल असा भरवसा नसतो. म्हणून रायवळाची कोय रुजवायची, तिच्या कोवळ्या तांबूस रोपाला चीर द्यायची, चांगल्या फळणाऱ्या हापूसची काडी तासून त्या चिरेत बसवायची आणि वरून प्लास्टिकची पट्टी घट्ट बांधायची. पंधरा-वीस दिवसांत काडीचा डोळा फुटला की कलम जगलं असं समजतात. दोघांचाही हात सारखाच साफ होता.

1990 साली सरकारने रोजगार हमीला जोडून फळबाग लागवडीची योजना आणली. वरकस जमिनींवर खड्डे पडू लागले, कलमांना मागणी आली. एका मित्राला धंद्याची जाण होती. त्याने कर्ज काढून मोठी नर्सरी उभी केली, माणसं ठेवली, टेम्पो घेतला. माल चोख द्यायचा, कुणाला फसवायचा नाही. पाहता पाहता त्याचं नाव झालं.

दुसरा मात्र परसातच कलमं बांधत राहिला. त्याच्यापाशी एक वही होती. कोणत्या वाडीत, कुणाला, किती कलमं दिली, ते तो वहीत लिहून ठेवी. पाऊस ओसरला की वही पिशवीत टाकून तो चालत निघे. एकेका अंगणात जाऊन आपलं कलम बघे. पट्टी राहिली असेल तर सोडवी, कारण खोड जाड होऊ लागलं की तीच पट्टी त्याचा गळफास होते. सांध्याखाली फुटवा आला असेल तर तो खुडून टाकी. हा फुटवा मूळच्या रायवळाचा. तो राहू दिला तर जोमाने वाढतो आणि वरची हापूसची काडी उपाशी मरते. झाड हिरवंगार दिसतं म्हणून मालक खूश असतो. पाच-सहा वर्षांनी आंबा लागतो तेव्हा कळतं, की इतकी वर्षं पाणी घातलं ते रायवळाला.

कलमाला पहिलं फळ धरलं, की तो वहीत त्या नावापुढे खूण करी. खुणा थोड्याच होत्या. बाकी ठिकाणी लिहिलेलं असे, ‘गुराने खाल्लं’, ‘वणव्यात गेलं’, ‘पाणी मिळालं नाही’. तेही तो तितक्याच काळजीने लिही.

मुलीचं लग्न झालं आणि डोक्यावर कर्ज बसलं. त्याच वर्षी घराची कौलंही गळू लागली. बायको म्हणाली, “अहो, लोकांच्या झाडांच्या पट्ट्या सोडून आपली कौलं बसत नाहीत.”

तिचं खरं होतं. त्याने वही फळीवर ठेवली आणि तो मित्राच्या नर्सरीत कामाला गेला.

मित्राने त्याला मानाने वागवलं, पगार वेळेवर दिला. सकाळपासून दिवस मावळेपर्यंत तो कलमं बांधत बसे. पूर्वी सबंध पावसाळ्यात बांधायचा तेवढी आता आठवड्यात होत. वाढलेली कलमं टेम्पोत भरली जात, टेम्पो निघून जाई. असे दोन पावसाळे गेले. तिसऱ्या वर्षी आगोटीला तो मित्राकडे आला आणि म्हणाला, “यंदा मी येत नाही.”

“पगार कमी पडतो का? वाढवून देतो.”

“नाही रे. तुझ्या पगाराने कर्ज फिटलं, कौलं बसली. तुझे उपकार आहेत.”

“मग अडलं कुठे?”

“दोन पावसांत मी बांधलेली कलमं कुठे आहेत, मला ठाऊक नाही.”

“अरे, सगळी विकली गेली. एक शिल्लक राहिलं नाही.”

“तेच म्हणतोय.”

मित्र बराच वेळ काही बोलला नाही. मग त्याने उठून त्याला दारापर्यंत सोडलं.

घरी बायकोने एकच अट घातली. पुन्हा कर्ज नको, तेव्हा पावसानंतरच्या फेरीचे पैसे कलमाच्या किमतीत धरायचे. त्याला ते मागायला जड गेलं. पण लोकांनी कुरकुर न करता दिले, कारण त्याचं येणं त्यांना हवंच होतं. घर बेताने चाललं, पण चाललं.

पुढच्या वर्षापासून नर्सरीच्या पावतीवर गिऱ्हाइकाच्या नावाखाली त्याची वाडीही लिहिली जाऊ लागली. पाऊस संपला की तिथली दोन पोरं त्या पावत्या घेऊन फिरू लागली. त्यांना फुटवा ओळखायला शिकवलं ते वहीवाल्यानेच.

या गोष्टीतला नर्सरीवाला मला कधीच कमी वाटला नाही. त्याच्यामुळे कितीतरी उघड्या जमिनी हिरव्या झाल्या, आणि मित्राच्या अडचणीला त्याचाच पैसा कामी आला. पण त्याचा हिशेब टेम्पो भरला की पुरा व्हायचा. वहीवाल्याचा हिशेब पाच वर्षांनी, दुसऱ्याच्या अंगणात पुरा होई. आपलं काम कधी झालं म्हणायचं, हे त्याने स्वतः ठरवलं होतं आणि पगाराची गरज होती त्या दिवसांतही ते तो विसरला नव्हता.

तुमच्या डोक्यावर कर्ज असेल तर आधी ते फेडा, त्यासाठी मिळेल तो चांगला पगार जरूर घ्या. पण ते फिटेल त्या दिवशी थोडं थांबा आणि काय करायचं मनात धरून आपल्या कामाला हात घातला होता, ते एकदा आठवून बघा.