उन्हातला खेळ आणि वडीलधाऱ्यांचा धर्म

वैशाखाचे ऊन तापू लागले की घरोघरी एकच आज्ञा सुटते : बाहेर जाऊ नका. आज्ञा मायेची असते. तिला दोष कोण देईल? परंतु ती दिली म्हणजे मुलांविषयीचे आपले कर्तव्य संपले काय, हा प्रश्न आम्हांस विचारणीय वाटतो.

सुरतेचे ऊन विदर्भाच्या उन्हासारखे कोरडे नाही. समुद्रानजीक, तापीच्या काठी वसलेल्या या नगरीत हवेत ओल फार. घाम येतो पण वाळत नाही, आणि घाम वाळल्यावाचून शरीर निवत नाही. म्हणून पारा चाळिशीखाली असला तरी धोका टळत नाही. मुलांचे शरीर मोठ्यांपेक्षा लवकर तापते, आणि खेळाच्या रंगात त्यांना तहानेचेही भान राहत नाही.

हा बालस्वभाव कायद्याने पूर्वीच ओळखला आहे. सात वर्षांखालील मुलाचे कृत्य अपराध ठरत नाही, हे १८६० च्या दंडसंहितेतील तत्त्व २०२४ साली अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेतही कायम आहे. अज्ञानाने केलेला करार मुळातच रद्दबातल, असा निर्णय प्रिव्ही कौन्सिलने १९०३ साली मोहरीबीबीच्या खटल्यात दिला. ज्याला आपली मिळकत गहाण टाकता येत नाही, त्याने आपला जीव उन्हाच्या स्वाधीन करण्यास संमती दिली असे कसे मानावे ? 'मूलच ऐकेना' हा बचाव पालकांच्या कामी येणार नाही.

तथापि कोंडून ठेवणे म्हणजे रक्षण करणे नव्हे. लिंबायत, उधना या भागांत खानदेशातून आलेली असंख्य कुटुंबे यंत्रमागांवर राबतात. पत्र्याखालची एकच खोली भर दुपारी भट्टीसारखी तापते. तेथल्या मुलाला 'घरात बस' म्हणणे म्हणजे एका आगीतून दुसरीत लोटणे होय. छप्पर म्हणजे सुरक्षितता नव्हे, हा धडा तर सुरतेने फार मोठी किंमत देऊन घेतला आहे. २४ मे २०१९ रोजी सरथाणा येथील तक्षशिला आर्केडच्या आगीत शिकवणीला आलेले २२ विद्यार्थी दगावले. ती मुले उन्हात नव्हती. वडीलधाऱ्यांनी भल्यासाठीच पाठविलेली होती.

मग मार्ग कोणता ? खानदेशची आखाजी, म्हणजेच अक्षय्य तृतीया, ऐन वैशाखात येते. माहेरवाशिणी आणि मुली निंबाच्या झाडाला झोके बांधून खेळतात. त्याच दिवशी उदककुंभाचे दान सांगितले आहे. पूर्वजांनी उन्हाळ्यात खेळ वर्ज्य केला नाही. त्याला सावली आणि पाणी जोडून दिले. खानदेशच्या लोकांनी सण सुरतेस आणला. झाड मात्र आणता आले नाही. ते लावणे हे एकट्या पालकाचे काम नव्हे, समाजाचे आहे. अहमदाबादेने २०१० च्या भीषण उन्हाळ्यानंतर २०१३ साली उष्णतेविरुद्ध कृतियोजना आखली, तीही याच जाणिवेने.

आपल्या देवस्थानांनाही येथे मोठे काम आहे. पुष्कळ देवळांची दारे दुपारी बंद होतात. देवाने खुशाल विश्रांती घ्यावी. सभामंडप मात्र मुलांसाठी उघडा असावा. पाणपोई भरलेली असावी, तापलेल्या फरसबंदीवर काथ्याच्या चटया पसराव्यात. मैदानी खेळ सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर व्हावेत, आणि एका जाणत्या माणसाने मुलांवर नजर ठेवावी. मुलाला चक्कर आली, उलटी झाली, ते असंबद्ध बोलू लागले, तर त्यास तत्काळ सावलीत न्यावे, अंग ओले करून वारा घालावा, १०८ ला फोन करावा. शुद्ध हरपली असल्यास तोंडात पाणी घालू नये.

'जाऊ नको' म्हणण्यास काहीच खर्च येत नाही. 'येथे खेळ' म्हणण्यासाठी आधी ती जागा निर्माण करावी लागते. जे आपण उपलब्ध करून दिले नाही, त्याच्या अभावी मुलाने आज्ञा मोडली तर दोष कोणाचा, याचा निवाडा वाचकांनीच करावा.