छिद्र, अभाव आणि अनुमान

वेल्डिंग केलेल्या पोलादी प्लेटवर बाहेरून कसलाही भार नसला, तरी तिच्या पोटात ताण असतो. सांध्याजवळचा तापलेला धातू निवताना आकसू पाहतो आणि शेजारचा थंड धातू त्याला आकसू देत नाही. मग सांध्यात खेच आणि आजूबाजूला दाब कोंडून राहतो. हा अवशिष्ट ताण. खेच आणि दाब एकमेकांना पुरते तोलून धरत असल्याने तो डोळ्यांना दिसत नाही, हाताला लागत नाही. जे कोणत्याच इंद्रियाला कळत नाही ते ‘आहे’ असे कशाच्या आधारावर म्हणायचे?

न्याय आणि वैशेषिक या भारतीय दर्शनांच्या अभ्यासकांना हा प्रश्न नवा नव्हता. वाकवलेली फांदी सोडताच पूर्वस्थितीला येते, यावरून त्यांनी ‘स्थितिस्थापक’ नावाचा संस्कार, म्हणजे वस्तूत लपलेला गुण, मानला. विश्वनाथाच्या ‘भाषापरिच्छेदा’त तो अतींद्रिय म्हटला आहे. तो कळतो तो हालचालीवरून, म्हणजे कार्यावरून कारणाकडे जाणाऱ्या शेषवत् अनुमानाने.

जर्मन अभियंता योसेफ माथार याने १९३४ मध्ये मांडलेली भोक पाडण्याची पद्धत याच वाटेने जाते. आजच्या रूढ रीतीत पृष्ठभागावर लांबीतला बारीक बदल टिपणाऱ्या तीन स्ट्रेन गेजांचा संच चिकटवतात आणि त्याच्या मधोमध सुमारे दोन मिलिमीटर व्यासाचे, जवळपास तितकेच खोल भोक पाडतात. तेवढा धातू निघून जाताच भोवतालचा धातू किंचित सरकून नवा तोल साधतो. हे सरकणे लांबीच्या दशलक्षांशांत मोजावे इतके बारीक असते. दोन प्रमुख ताण आणि त्यांची दिशा अशी तीन अज्ञाते असतात, म्हणून गेजही तीन. गेज ताण मोजत नाहीत, फक्त सरकणे नोंदवतात. ताण गणिताने काढावा लागतो. शिवाय ज्या धातूविषयी विधान करायचे, त्याचा एव्हाना चुरा झालेला असतो.

हा वैशेषिकांचा प्रध्वंसाभाव, म्हणजे नाशामुळे आलेला अभाव, आहे. त्याला आरंभ असतो, अंत नसतो. त्याच जागी तीच मोजणी पुन्हा करता येत नाही, आणि शेजारी पाडलेले भोक दुसऱ्याच जागेविषयी बोलते. अभाव हा स्वतंत्र पदार्थच नव्हे, असे म्हणणारे प्रभाकर मीमांसक मात्र इथे गणिताकडे बोट दाखवू शकतील. भोकाच्या भिंतीवरचा ताण नाहीसा झाल्यावर उरलेला धातू कसा वागतो, एवढेच ते गणित विचारते. अभावाला त्यात वेगळे पद नाही. या एका मुद्द्यावर प्रभाकरांची बाजू वरचढ ठरते.

खरी अडचण व्याप्तीची, म्हणजे खूण आणि तिच्यावरून अनुमानलेली गोष्ट यांच्या अचूक संबंधाची, आहे. धातू सरकला म्हणजे आधी ताण होता, हे तेव्हाच खरे जेव्हा दुसरे कारण मध्ये आलेले नसते. ड्रिल स्वतःही उष्णता आणि कापण्याचा जोर देऊन ताण निर्माण करू शकते. नैयायिक अशा छुप्या अटीला उपाधी म्हणतात. ती पारखण्याची रीतही त्यांना ओळखीची वाटेल: तापवून संथपणे निववलेल्या, ताणमुक्त केलेल्या तुकड्यात तसेच भोक पाडायचे. तिथे गेज जवळपास शून्यावर राहिले तर ड्रिलवरचा संशय फिटतो. कारण नाही तिथे कार्यही नाही, हा व्यतिरेक. दुसरी उपाधी मात्र अशी सुटत नाही. ताण धातू कायमचा वाकू लागण्याच्या मर्यादेजवळ असेल, तर भोकाच्या काठाचा धातू स्थितिस्थापक राहत नाही आणि साधे गणित ताण फुगवून सांगते.

खोलीनुसार ताण कसा बदलतो हे हवे असेल, तर भोक टप्प्याटप्प्याने खोल करतात. इथे अनुमान आणखी हळवे होते. खालच्या थरांचा परिणाम पृष्ठभागावरच्या गेजांपर्यंत क्षीण होऊन पोचतो आणि वाचनातली बारीक चूक उत्तरात मोठी होते. एकाच नोंदीत ताणाच्या अनेक मांडण्या बसू शकतात. त्यांतली सर्वांत कमी खडबडीत मांडणी गणिती स्वीकारतात. नैयायिकांचे लाघव, म्हणजे कमीत कमी कल्पना करावी लागणारा पर्याय पसंत करणे, याहून फारसे वेगळे नाही. पण लाघव हे स्वतंत्र प्रमाण नव्हे, तर्काला दिलेला आधार आहे, आणि अहवालातल्या गुळगुळीत वक्ररेषेकडे पाहताना हा भेद सहज विसरला जातो.

क्ष-किरणांची पद्धत भोक पाडत नाही. ती स्फटिकांतल्या थरांमधले अंतर मोजते. मात्र पोलादात ती मिलिमीटरच्या काही शतांशांपलीकडे पोचत नाही, आणि अंतरावरून ताणाकडे जाताना तिलाही स्थितिस्थापकतेचेच नियम लागतात. त्यामुळे दोन्ही पद्धतींची उत्तरे जुळली, तरी ताण प्रत्यक्ष झाला असे म्हणता येत नाही. दोन अनुमानांनी एकमेकांना दुजोरा दिला, एवढेच म्हणता येते.